प्रतिसाद: पीएम (पोस्टमॉर्टेम, म्हणजे शवविच्छेदन) म्हणजे फक्त पोलीस केस नव्हे

वर एकांनी लिहिलंय की शवविच्छेदन हे पोलिसांच्या कागदासाठीच असतं. आपल्या धुळे-जळगावकडे तोच समज आहे. गावाकडच्या रुग्णालयात नोकरीला होतो तेव्हा शेतात फवारणीचं औषध पोटात गेलेली केस आली, की नातेवाईक हात जोडायचे, "डाक्टरसाहेब, आमना माणूसले फाडू नका." त्यात कायद्यापुढे आमचाही इलाज नसायचा.

पण वैद्यकशिक्षणात ही पद्धत रुजली ती आजार समजून घेण्यासाठी. इटलीच्या मोर्गान्यी या डॉक्टरने १७६१ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, सुमारे ७०० रुग्णांच्या नोंदी छापल्या. रुग्णाने जिवंतपणी सांगितलेला त्रास आणि मृत्यूनंतर अवयवात दिसलेला बिघाड त्याने शेजारी शेजारी मांडला. माझ्या मते खरी उडी ती! पुढे बर्लिनच्या डॉक्टर फिर्खोने एकेक अवयव वेगळा काढून तपासायची शिस्त लावली. आपल्याकडे १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी शव उघडलं, पण ते शरीररचना शिकण्यासाठी. मराठीत दोन्हीला 'शवविच्छेदन'च म्हणतात, घोळ तिथूनच.

आमच्या अहवालात मात्र शेवटी बहुतेकदा एकच ओळ: 'व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे भाग) राखून ठेवला.'