मॉरिशस: गाडी न चालवता आईसोबत कसं फिरावं? मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी आईला घेऊन आठवडाभर मॉरिशसला जायचं ठरलंय. मुंबईहून थेट विमान मिळालं, मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला आहे. प्रश्न आहे तो तिथे पोचल्यावर फिरायचं कसं याचा.

मला गाडी चालवता येत नाही. आईची सत्तरी उलटली आहे. सपाट रस्त्यावर ती माझ्या बरोबरीने चालते, पण पायऱ्या आल्या की गुडघे बोलायला लागतात. इथल्या एका टूरवाल्याने रोज एक सहल असं पॅकेज दिलंय: एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस पूर्व, सकाळी लवकर गाडी दारात, दुपारी ठरलेल्या ठिकाणी जेवण, संध्याकाळी परत. आईला असं फिरवलं तर ती दमेल आणि माझ्याजवळ बोलणारही नाही. तिला एखाद्या जागी तासभर बसायला आवडतं. कुठल्याही गावी गेलो की आधी तिथली भाजी बघायची असते.

आणखी एक. आई मूळची गुहागरकडची. कोकणातून तिकडे गेलेल्या लोकांच्या घरात अजून गणपती बसतो, जाखडी नाचतात, हे ऐकल्यापासून कास्कावेलचं मराठी देऊळ बघायचंच असं तिने ठरवलंय. पॅकेजात ते अर्थातच नाही.

तर विचारायचं हे की फ्लिक-आँ-फ्लाकहून बसने कुठवर जाता येतं? मेट्रो सुरू झाली आहे म्हणतात, तिचा पाहुण्यांना उपयोग आहे का? विमानतळावरून कसं यायचं? ईल ओ सेर्फ बेटावर जायलाच हवं का? वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

दर्यावर्दी

नोकरीनिमित्त एबेनला राहत होतो, रोज बसनेच जायचो, म्हणून लिहितो. मुक्कामाची जागा तुमच्या गरजेला अगदी योग्य आहे. फ्लिक-आँ-फ्लाकहून पोर्ट लुई आणि कात्र बोर्न अशा दोन्हीकडे थेट बस आहेत. कात्र बोर्नला उतरलात की मेट्रो मिळते. एका बाजूला क्युरपीप, दुसऱ्या बाजूला रोझ हिलवरून पोर्ट लुई. भारताच्या मदतीने आणि लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही लाइन, २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि २०२२ मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोचली. आईंच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे डब्याची जमीन आणि फलाट एका पातळीत आहेत, पाय उचलावा लागत नाही.

बसची रीत आपल्या एसटीसारखीच. आत बसा, कंडक्टर येतो, जायचं ठिकाण सांगा, तिकीट घ्या. सुटे पैसे ठेवा. तिकीट उतरेपर्यंत हातात हवं, मधेच तपासनीस चढतात. उतरायच्या आधी घंटी दाबायची. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं की तोच हाक मारतो, माझा तरी अनुभव असाच आहे.

सगळ्यात आधी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे परतीची वेळ. गावाकडच्या बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आटोपतात, आणि जुलैत तिथे पावणेसहालाच सूर्य मावळतो. तेव्हा बसने गेलात तर चारला परत निघायचं, असं पक्कं धरून चाला. रविवारी बस आणखी कमी असतात.

आईंना भाजी बघायची आहे ना? मग कात्र बोर्नचा बाजार बुधवारी किंवा शनिवारी गाठा. गुरुवारी आणि रविवारी तिथे कपड्यांचा बाजार भरतो, त्या दिवशी जाऊ नका. बाहेर दालपुरी खाल्ल्याशिवाय परतू नका. तिथे ती जोडीनेच देतात, आत वालासारख्या दाण्यांची आमटी आणि तिखट चटणी.

हिरवाचाफा

दर्यावर्दींनी लिहिलंय ते बरोबर, पण ते तरुण माणसाच्या पायाने लिहिलंय. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. जुन्या बसची पहिली पायरी खूप उंच असते. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशा सीटा, मधली वाट अरुंद, आणि माणूस बसायच्या आत बस सुटते. सासूबाईंना मी आधी चढवायचे, त्या दांडा धरून पुढची सीट गाठायच्या. सकाळी ऑफिसच्या वेळेला हे जमत नाही, नऊनंतर निघालात तर जमतं. सामान ठेवायला जागा नसते, त्यामुळे विमानतळावरून बसचा विचारही करू नका. विमानतळ आग्नेयेला, तुमचं हॉटेल पश्चिमेला, गाडीने तासभर लागतो. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा आणि भाडं लेखी मागवा.

माझं स्पष्ट मत: जवळचं बसने, नैर्ऋत्येचं ड्रायव्हरसकट गाडीने. गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, शामारेल, ल मॉर्न हे सगळं एका ओळीत आहे आणि तिथे बस फार थोड्या. गंगा तलावाला १०८ फुटांची शिवमूर्ती आहे. तिथे वर हवा थंड असते, धुकं उतरतं, समुद्रावर ऊन असलं तरी आईंची शाल आणि छत्री बरोबर ठेवा. शामारेलच्या सात रंगांच्या मातीपर्यंत गाडी जवळ जाते, चालणं बेताचं. चढणीचा रस्ता मात्र वळणांचा आहे, गाडी लागत असेल तर रिकाम्या पोटी नेऊ नका.

तिथे ओला-उबर नाही, आणि टॅक्सीवाले मीटरवर चालत नाहीत. म्हणून दिवसाचा सौदा करताना चार गोष्टी बोलून घ्या: एकूण रक्कम, कुठे कुठे जायचं, किती वाजेपर्यंत, आणि कुठल्याही दुकानात न्यायचं नाही. हे शेवटचं आवर्जून सांगा. नाहीतर जहाजांच्या प्रतिकृती आणि कपड्यांची दुकानं यांतच अर्धी दुपार जाते, कारण तिथे त्यांना कमिशन मिळतं. तेवढं स्पष्ट बोललं की माणसं फार चांगली. आमचा ड्रायव्हर सासूबाईंशी भोजपुरीत आणि त्या त्याच्याशी मराठीत बोलत होत्या, आणि दोघांचं छान चाललं होतं.

निळाशार

कुणी वाहन चालवणारं बरोबर येत असेल तर भाड्याची गाडी विसरू नका. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. जुलैत ऊसतोड चालू असते, उसाने भरलेले ट्रक रस्त्यावर असतात आणि गावातले रस्ते अरुंद. अंधार पडल्यावर चालवणं मी टाळलं होतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी चालवणारं कुणी नाही, त्यामुळे हिरवाचाफा यांचा सल्ला घेते: नैर्ऋत्येला ड्रायव्हरसकट गाडी, बाकी बस आणि मेट्रो. कात्र बोर्नचा बाजार शनिवारी ठरवला. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली भाजीवाल्याशी मराठीत बोलून बघू.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघायचा आहे. तिथे पायऱ्या आहेत म्हणतात, आईला झेपतील का? आणि कास्कावेल फ्लिक-आँ-फ्लाकपासून किती लांब? ईल ओ सेर्फबद्दलही कुणी लिहिलं नाही.

दर्यावर्दी

आप्रवासी घाटाच्या प्रसिद्ध सोळा पायऱ्या बघायच्या आहेत, चढायलाच हव्यात असं नाही. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर याच घाटावर उतरले, तुमच्या कोकणातलेही त्यात होते. बाजूला माहिती केंद्र आहे, तिथे बसून सगळं नीट समजतं. २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. रविवारी बंद असतं. मेट्रोचं शेवटचं स्टेशन त्याच नावाचं आहे, तिथून चालत जाता येतं. उत्तरेकडच्या बसही तिथूनच सुटतात, दम असेल तर त्याच दिवशी पाम्प्लेमूसची बाग होईल. वाटा सपाट आहेत, मोठ्या परातीएवढ्या पानांची कमळं आईंना नक्की आवडतील.

कास्कावेल तर तुमच्या शेजारीच. फ्लिक-आँ-फ्लाकहून आत येताना लागतं, टॅक्सीने थोड्याच मिनिटांत पोचाल. देऊळ कधी उघडं असतं ते हॉटेलमधल्या लोकांना फोन करून विचारायला सांगा. गणेश चतुर्थीच्या सुमाराला गेलात तर विसर्जनही बघायला मिळेल, तिथे त्यासाठी सार्वजनिक सुट्टी असते.

रानजाई

गणपतीत आई गुहागर सोडून कुठेही जायची नाही, त्यामुळे जुलैच बरा. आता बोटीचं तेवढं सांगा.

हिरवाचाफा

ईल ओ सेर्फ सोडा असं मी म्हणेन. ते पूर्वेला, बोट त्रू दो दूसहून. तुम्ही पश्चिमेला. बसने तीन-चार टप्पे होतात, गाडीने गेलात तरी जाऊन-येऊन दिवस संपतो. शिवाय जुलैत आग्नेयेचे वारे वाहतात, पूर्व किनारा झोंबरा असतो. तुमच्या बाजूचा समुद्र तेव्हा शांत असतो. बेटावर जायचंच असेल तर ईल ओ बेनितिए जवळ पडतं.

पण गुडघ्यांचा विचार करता खरी अडचण बोटीत चढण्याची आहे. बऱ्याच ठिकाणी धक्का नसतो. गुडघाभर पाण्यात उतरून, बोट हलत असताना, छोट्या शिडीने वर चढायचं. सासूबाईंना दोघांनी उचलून घ्यावं लागलं आणि त्यांना ते फार अवघड वाटलं. तेव्हा पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: चढायला धक्का आहे की पाण्यातून? परतीचं विमान उशिराचं असेल तर आणखी एक मार्ग आहे. ब्लू बे विमानतळापासून अगदी जवळ आहे, तिथे काचेच्या तळाच्या बोटीतून बसल्या जागी प्रवाळ आणि मासे दिसतात. सामान टॅक्सीत ठेवून तेवढं करता येईल, चढण्याचा प्रश्न तिथेही आधी विचारून घ्या.

रानजाई

विमान रात्रीचं आहे, म्हणजे ब्लू बे जमेल. हॉटेलला आजच मेल टाकते: विमानतळावरून गाडी, एका दिवसासाठी ड्रायव्हर (दुकानं नकोत हे ठळक अक्षरांत), आणि कास्कावेलच्या देवळाची वेळ. उत्तर आलं की भाड्याचे आकडे इथे टाकते, जास्त सांगत असतील तर कळवा.