शेतातल्या पाइपसोबत ट्रेसर वायर टाकायची आहे, कोणती घेऊ?

धुऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. कळमेश्वरच्या अलीकडे आमची संत्र्याची बाग आहे, विहिरीपासून वरच्या टाकीपर्यंत ३८० मीटर नवी लाइन टाकून राह्यलो, ६३ एमएम एचडीपीई प्लास्टिकचा पाइप, तीन फूट खोल. जुनी लाइन बाबांनी टाकलेली, तिचा नकाशा म्हणजे "उंबरापासून बारा पावलं, मग सरळ धुऱ्याकडे". उंबर वादळात पडला, बाबाही आता नाहीत, आणि एप्रिलात जेसीबीच्या दाताने पाइप फाटला तेव्हा आम्ही तीन ठिकाणी खोदून बसलो, चार दिवस पाणी नाही, आंबिया बहाराची फळं गळाली ती वेगळीच. आता पाइपसोबत वायर टाकायचं ठरवलंय, म्हणजे पुढे लोकेटर यंत्राने वायरमध्ये सिग्नल सोडून लाइन कुठून जाते ते वरूनच शोधता येईल. सीताबर्डीत दुकानात विचारलं तर ट्रेसर वायर म्हटल्यावर पाइपच्या वर पुरायची इशाऱ्याची पट्टी, वॉर्निंग टेपच दाखवतात. घराच्या फिटिंगची १.५ स्क्वेअर एमएमची उरलेली वायर चालते का? की जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार टाकू?

जुना_फिटर:
जीआय तार तर अजिबात नको भाऊ. उघडी तार काळ्या ओल्या मातीत सिग्नल पुढे जाऊच देत नाही, जागोजागी जमिनीत सोडते, आणि गंजून तुटली की संपलंच. प्लास्टिकच्या पाइपचा लोकेटरला पत्ता लागत नाही म्हणून वायर टाकतो ना, मग ती अखंड आणि कोटिंगवाली पाहिजे.
अमेरिकेत यासाठी १२ गेजची एकच भरीव तार वापरतात, म्हणजे साधारण ३.३ स्क्वेअर एमएम, वरून पॉलिथिनचं कोटिंग. आपल्याकडे ते नाव घेऊन मागितलं तर दुकानदार बघतच राहतो. भरीव तांबं, २.५ किंवा ४ स्क्वेअर, कोटिंग जमिनीत गाडायच्या लायकीचं, असं सांगून मागा. घरगुती वायरचं पीव्हीसी कोटिंग भिंतीतल्या पाइपच्या आत राहायला केलेलं असतं, वर्षानुवर्षं ओल्या मातीत ठेवायला नाही. पाण्याच्या लाइनला निळा रंग मिळाला तर घ्या.

मोटारवाइंडिंग_इतवारी:
सबमर्सिबलची वाइंडिंग वायर घ्या ना मग. भरीव तांबं, पाण्यातच राहायला केलेली, इतवारीत पाहिजे तेवढी मिळते.

जुना_फिटर:
तांबं चांगलं पण वरचं आवरण पातळ हो. मोटारीत तिला कोणी दगड मारत नाही, तुमच्या चरात तर मुरमाचे खडे पडणार. मी तरी नाही टाकणार.

हिंगणा_साइट:
एक विचारतो दादा, विहिरीवरच्या मोटारची केबल त्याच चरातून जाते का? जात असेल तर तेवढ्या भागात वेगळी वायर कशाला, केबल तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचीच असते, सप्लाय पूर्ण बंद करून इलेक्ट्रिशियनकडून तिच्यावरच सिग्नल देता येतो.
आणि रस्ता ओलांडायचा असेल, बोअर मारून पाइप ओढायचा असेल, तर तांबं ओढताना तुटतं. तिथे वरून तांबं आणि आत स्टील अशी वायर येते ती घ्या, शिवाय भंगारात तिला भाव नाही म्हणून चोरीलाही जात नाही 😀 रस्त्याच्या कडेला खोदण्याआधी "कॉल बिफोर यू डिग" अ‍ॅपवर टाकून ठेवा, २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झालंय, केबल कंपन्यांना खबर जाते. तुमची स्वतःची लाइन मात्र त्यात कुठून दिसणार.

धुऱ्यावरचा:
केबल वेगळ्या बाजूने जाते, रस्ता नाही, सगळा उघडा चर. वायर पाइपला गुंडाळायची का?

जुना_फिटर:
गुंडाळायची नाही हो, पाइपच्या बाजूला सरळ ठेवा आणि दर दोन-तीन मीटरवर टेप मारा. पण ताणून नको, थोडी ढिली, नागमोडी. आपली काळी माती मे महिन्यात अशी भेगाळते की हात घातला तर कोपरापर्यंत जातो, पावसात फुगते, ताणलेली वायर किंवा कच्चा सांधा तिथेच सुटतो. आणि खरं म्हणजे वायरपेक्षा सांधाच दगा देतो. पिळून काळी टेप मारली की दोन पावसाळ्यांत तांब्यावर हिरवा गंज. आधी दोन्ही टोकांची सैल गाठ बांधा म्हणजे ताण सांध्यावर येत नाही, मग क्रिंप करून (नळीत दाबून) आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, किंवा जेल भरलेला कनेक्टर. दर १०० ते १५० मीटरवर वायरचा फेरा वर काढून व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये ठेवा, नाहीतर सिग्नल द्यायचा कुठून?
दुसऱ्या टोकाला अर्थिंगची सळी ठोका, सर्किट पुरं झाल्याशिवाय करंट फिरत नाही. मोटारीच्या अर्थिंगला मात्र जोडू नका, फॉल्ट झाला तर करंट तुमच्या वायरमध्ये येईल.

हिंगणा_साइट:
लोकेटर लावणाऱ्याला ५१२ हर्ट्झपासून सुरू करायला सांगा. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि शेजारच्या केबलवर कमी उडी मारते. ३३ किलोहर्ट्झवर सिग्नल जोरदार वाटतो पण भलतीच लाइन दाखवतो कधी कधी.

बागवाली_ताई:
आमच्या कंत्राटदाराने माती टाकल्यावर "टेस्टिंग झालं" म्हणून पैसे नेले, वायर मध्येच तुटलेली होती. आता कोणी करून घेत असेल तर आधी मोजा मग पैसे द्या.

जुना_फिटर:
ताई बरोबर बोलल्या. २.५ च्या तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. म्हणजे १३० मीटरला एकच्या आसपास. परतीला दुसरी वायर जोडून मोजा, तिचा रेझिस्टन्स आधी मोजून ठेवा आणि वजा करा. मग अर्थिंग सोडवून मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) जमिनीशी इन्सुलेशन बघा, आकडा एकदम कमी आला तर कुठेतरी कोटिंग सोललंय.

धुऱ्यावरचा:
अपडेट: २.५ ची भरीव वायर मिळाली, काल टाकली, माती अजून टाकली नाही. तीन तुकड्यांपैकी दोन ठीक, एक ओहमच्या जवळ. तिसऱ्यात मीटर काहीच दाखवेना. चालत गेलो तर चराच्या काठावर पाइपचं बंडल निळ्या वायरने बांधलेलं, आमच्या गड्याने सुतळी नाही म्हणून दोन हात वायर कापून घेतली होती. म्हणे, एवढी लांब आहे, थोडी गेली तर काय होते. हीट श्रिंक आणायला निघालोय.