सातबारा ज्याचा, पैसा त्याचा. मग कसणाऱ्याचं काय?

काळ्या_मातीतला (औसा, लातूर)
आमच्या शेजारच्या शिवारात एक गडी सात वर्षांपासून सहा एकर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतोय. पेरणी त्याची, फवारणी त्याची, खुरपणीला बायकोही त्याचीच. मालक पुण्यात, छोट्या नोकरीत, आयकर भरत नाही, म्हणून नियमानं पात्र. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो सन्मानचे ६,००० त्याच्या खात्यात पडतात. राबणाऱ्याच्या हाती एक रुपया नाही, कारण सातबाऱ्यावर नाव नाही. माझं मत स्पष्ट आहे: शेतीसाठीचा पैसा शेती करणाऱ्यालाच जावा.

सातबारा_माझा (सातारा)
साफ अमान्य. बटईदाराचं नाव एकदा सरकारी कागदावर चढलं की उद्या तो कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगणार. १ एप्रिल १९५७ ला ‘कसेल त्याची जमीन’ झाली, त्यात आमच्या चुलत आजोबांचे अकरा एकर गेले. घरात ती गोष्ट अजून निघते. शिवाय विहिरीचं कर्ज माझ्या नावावर आहे, बटईदाराच्या नाही.

काळ्या_मातीतला
भीती खोटी नाही, मान्य. पण त्यावर तोड निघते. आंध्रनं २०१९ मध्ये कायदाच केला: ११ महिन्यांचा करार, त्यावर कसणाऱ्याला पीककर्ज, विमा, मदत, मालकी हक्काला धक्का नाही. ओडिशानं ‘कालिया’ या मदत योजनेत भूमिहीनांनाही धरलं होतं. आपल्याकडं सगळं तोंडी, म्हणून दोघंही एकमेकांना भिऊन आहेत.

आधी_हमीभाव (वाशिम)
तुम्ही दोघं तुकड्यावर भांडताय. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. मी आडतीवर ४,३०० नं घातलं. दोन एकरात १२ क्विंटल, म्हणजे १२,३३६ रुपये गेले. दोन्ही योजना मिळून येतात १२,०००. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं नेलं. हे अनुदान बंद करा, भाव द्या.

शेतकऱ्याची_लेक (बीड)
दादा, बंद करा म्हणणं सोपं आहे. वडील गेले तेव्हा वारसाचा फेरफार व्हायला चौदा महिने लागले, तोवर हप्ते थांबले. मृगाच्या तोंडावर आईनं बियाण्याच्या दोन बॅगा उधार आणल्या, भाव वाढवून लावला दुकानदारानं. २,००० च्या हप्त्याची किंमत तेव्हा कळली. हमीभाव माल निघाल्यावर कामाला येतो. पेरताना रोख लागते, तीही आता कमी पडते: २०१९ पासून केंद्राचे ६,००० आहेत तिथंच आहेत, खत-मजुरी मात्र कुठल्या कुठं गेली.

सातबारा_माझा
ताईंचं पटतं. ११ महिन्यांच्या कागदालाही मी एकवेळ तयार होईन. पण माझे काढून त्याला नका देऊ. त्याला वेगळे द्या.

काळ्या_मातीतला
वेगळे द्यायचे तरी नोंद लागणारच ना, साहेब? २०२५ च्या सप्टेंबरात शिवारात कमरेएवढं पाणी होतं. उभं सोयाबीन सडलं ते त्या गड्याचं. पंचनामा झाला मालकाच्या नावानं, अतिवृष्टीचं अनुदान गेलं पुण्याला. बियाण्यासाठी त्यानं शेकडा तीननं उचललेले पैसे अजून फिटायचेत. तुमच्या बटईदाराला नुकसानीच्या पैशातला वाटा कधी दिलात का, एवढं सांगा.