पारावरच्या गप्पा की पुरावा? माजी सैनिकांच्या पुस्तिकांवरून

मेहकरकर
दर्यापूरकरांनी काल लिहिलं की गावोगावच्या ग्रामपंचायती आणि वाचनालयं माजी सैनिकांच्या आठवणींच्या पुस्तिका काढताहेत, त्या बंद करा. त्या म्हणे पारावरच्या गप्पा, लढाईचा इतिहास हवा तर पलटणीची वॉर डायरी, म्हणजे युद्धकाळातली रोजची अधिकृत नोंदवही, वाचा. या म्हणण्याचा राग आला आणि उत्तर दोन ओळींत बसत नाही, म्हणून वेगळा धागा.

वॉर डायरी लिहितं कोण? बटालियनच्या मुख्यालयातला अ‍ॅडज्युटंट (कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी), नाहीतर इंटेलिजन्स ऑफिसर. लढाई पेटलेली असली की दोन-तीन दिवसांच्या नोंदी एकदम बसून लिहिल्या जातात. तीत वेळ, नकाशावरचा आकडा, मेलेले-जखमी एवढं मिळतं. 'मशीनगन वीस मिनिटं बंद' असंही मिळेल. का बंद पडली, ते त्या गनवरचा जवानच सांगतो. तेव्हाच्या विकर्स मशीनगनचा पट्टा कापडी, २५० गोळ्यांचा. तो भिजला की फुगतो आणि आत सरकत नाही. नळीभोवतीच्या डब्यात साधारण चार लिटर पाणी. सलग सहाशेक गोळ्या झाडल्या की ते उकळतं. वाफेची नळी पाण्याच्या डब्यात सोडली नाही तर वाफ वर जाते आणि समोरच्याला गनची जागा कळते. महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा तिचं केंद्र आपल्या कामठीला होतं. ही गन हाताळलेली माणसं आपल्याच भागातली. त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही तर यातलं काय उरणार?

आणि सरकारी कागदांचं म्हणाल तर १९६२ च्या पराभवाची चौकशी केलेला हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. मग वाचायचं काय?

दर्यापूरकर
गन कशी चालते हे आठवणीतून घ्या, माझी हरकत नाही. माझी हरकत आकड्यांवर आणि तारखांवर आहे. पानिपतच्या बखरींतले फौजेचे आकडे आपण डोळे मिटून घेतो का? मग १९७१ चे का घ्यायचे? पुस्तिका वाचा. पश्चिम आघाडीवरचा जवानसुद्धा शेवटी ढाक्यात, म्हणजे पूर्व आघाडीवर, पोचलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांत पाहिलेलं, ऐकलेलं आणि सिनेमातलं एकजीव होतं, त्यात त्या माणसाचा दोष नाही. पण छापणाऱ्याचा आहे! एका पुस्तिकेत तर आठशे जण एका रात्रीत एका सुळक्यावर चढवलेत. त्या सुळक्यावर ऐंशी माणसं उभी राहणार नाहीत.

कंपनी सरकारच्या फौजेतला शिपाई सीताराम पांडे, त्याच्या नावावरचं आत्मचरित्र १८७३ मध्ये इंग्रजीत आलं. मूळ हस्तलिखित आजवर सापडलेलं नाही आणि ते खरं की रचलेलं हा वाद मिटलेला नाही. तरी लोक बिनदिक्कत त्याचे दाखले देतात.

मेहकरकर
मग तुमच्या दर्यापूरशेजारच्या अकोला जिल्ह्यातलंच घ्या. अडगावची लढाई, २९ नोव्हेंबर १८०३. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तीन पलटणी मराठ्यांच्या तोफा सुरू होताच मोडून पळाल्या, याच पलटणी आधी असईच्या लढाईत उत्तम लढल्या होत्या. त्याने स्वतः त्यांना परत उभं केलं, आणि मी तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता असं लिहिलं. कुठे लिहिलं? खाजगी पत्रात. लढलेल्या माणसाचं खाजगी लिखाण म्हणजे आठवणच झाली की.

दर्यापूरकर
ते पत्र लढाईनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं आहे. तीन दिवस आणि पन्नास वर्षं एका तागडीत टाकू नका.

पुसदची
दोघेही भांडताय त्या तारखांवर काम करता येतं, आणि ते अवघड नाही. 'तारीख कोणती?' असं विचारूच नये. माणूस घाबरतो आणि ऐकलेली तारीख सांगतो. सण विचारावा. १९६२ चा जवान असेल तर पहिला प्रश्न: दिवाळीआधी की नंतर? चिनी हल्ला २० ऑक्टोबरला सुरू झाला, दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली, मध्ये लढाई थंडावली आणि दुसरा जोर नोव्हेंबरच्या मध्यात झाला. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीतल्या लढाईची तारीख १८ नोव्हेंबर. एका उत्तरात टप्पा ठरतो. १९६५ ला पोळा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होता. हाजी पीर खिंड आपण घेतली २८ ऑगस्टला, म्हणजे पोळ्याला लागूनच. लाहोरची आघाडी उघडली ६ सप्टेंबरला, तेव्हा गणपती बसलेले होते.

नंतर पदकं बघावीत. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. घरचे चिंच-रांगोळीने घासून ती अक्षरं घालवतात, त्यांना आधीच सांगा. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च आडवी धरून फोटो घ्यावा. फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकातून कोणत्या साली कोणत्या पलटणीत, ते मिळतं. जुना फोटो असेल तर टोपीचा बिल्ला बघा. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता, मशीनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स आल्या, पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. एवढं जुळलं की मगच रेकॉर्डर सुरू करावा.

आर्वीवाला
हे सगळं बरोबर हाये ताई, पन मले येक सांगा. या पुस्तिकाईत आपले म्हातारे पुन्याच्या भाषेत काहून बोलून रायले? मानूस जलमभर 'मी गेलो व्हतो' म्हनते अन छापतानी त्याचं 'मी प्रस्थान केले' होते. त्याचं बोलनंच खोडलं त आठवन कोनाची रायली?

कारंजेकर
बोलीभाषेचा आग्रह इथे नको. पुस्तिका शाळेत जाते, नागपूर-पुण्यात जाते. वाचणाऱ्याला कळायला हवी. आणि वऱ्हाडी लिहायची एक रीत तरी कुठे आहे? 'नाही'ला कुणी 'नाई' लिहितो, कुणी 'नाय'. संपादकाने भाषा सुधारली तर बिघडतं काय?

आर्वीवाला
सुधारली? आमची भाषा बिघडलेली हाये म्हन्ता का तुमी? हे आयकून घेनार नाई.

कारंजेकर
मी तसं म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

पुसदची
काय बिघडतं ते सांगते. विष्णुभट गोडसे १८५७ च्या उठावाच्या काळात झाशीत होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला तो भाषा आणि मजकूर बदलून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम छापील प्रत यायला १९६६ उजाडलं, ती दत्तो वामन पोतदारांनी काढली. तोवर जवळजवळ साठ वर्षं लोक गोडसे भटजी म्हणून वैद्यांनाही वाचत होते.

फौजी बोलण्यात तर धोका जास्त. ते वऱ्हाडी आणि फौजी हिंदी मिसळून बोलतात. 'मोर्चा' म्हणजे खणलेला खंदक, संपादक त्याची मिरवणूक करतो. 'नफरी' म्हणजे माणसांची संख्या, तिथे 'नफा' छापून येतं. सगळ्यात वाईट 'प्लाटून' आणि 'पलटण'. प्लाटून तीस-पस्तीस जणांची, पलटण म्हणजे अख्खी बटालियन, आठशेच्या घरात.

मेहकरकर
दर्यापूरकर, तुमचे ते सुळक्यावरचे आठशे!

दर्यापूरकर
पाहिलं. पुस्तिकेत 'आमची पलटण चढली' आहे आणि पुढे कंसात ८०० आहे. कंस संपादकाचा दिसतो. तसं असेल तर आकडा म्हाताऱ्याचा नव्हे, हे मान्य. पण मग माझं म्हणणं पक्कंच झालं. मूळ आवाज जपलेला नसेल तर ती पुस्तिका पुरावा म्हणून मी धरणार नाही. आणि ढाक्याचं मी मागे घेत नाही.

कारंजेकर
वाचकासाठी प्रमाणभाषा हवीच, यावरून मी हलणार नाही. डाव्या पानावर बोलणं जसंच्या तसं, उजव्या पानावर प्रमाण मराठी असं करा. पानं दुप्पट होतील, छपाईचा खर्च वाढेल. ग्रामपंचायत देणार आहे का?

पुसदची
दुप्पट पानं नकोत. ध्वनिफीत दोन ठिकाणी ठेवा, एक वाचनालयात, एक घरच्यांकडे. छापताना क्रियापदं त्यांची तशीच ठेवा, फौजी शब्दाखाली बारीक टिपेत अर्थ द्या, आणि संपादकाचं जे काही असेल ते चौकोनी कंसात. परिच्छेदाच्या सुरुवातीला रेकॉर्डिंगचा मिनिट-सेकंद टाका, म्हणजे दर्यापूरकरांना शंका आली की ते स्वतः ऐकतील.

आर्वीवाला
अन डाव्या-उजव्या पानाचं काई सांगू नका. बोली डावीकडं अन खरी भाषा उजवीकडं, हे कोनं ठरवलं?