मधलं नाव: दिल्लीच्या मुलाखतीआधी उत्तर हवंय

प्रेषक: मृणाल (सध्या पुणे)

नमस्कार,

आज आमच्या दत्तक लेकीचा, ओवीचा, पासपोर्ट आला आणि पंचाईत झाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक-आदेशात 'ओवी निखिल' आणि पुढे आडनाव असं आहे. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तेच, कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरण, त्यांच्या हेग दत्तक कराराच्या कलम २३ च्या प्रमाणपत्रावरही तेच. पासपोर्टचा फॉर्म निखिलने भरला, त्यात नुसतं 'ओवी' गेलं. परवा दिल्लीचं विमान आहे, गुरुवारी मेडिकल, पुढच्या मंगळवारी अमेरिकेच्या दूतावासात तिच्या व्हिसाची मुलाखत. इथे थांबून पासपोर्ट बदलून घ्यावा की आहे तसं जावं? केतकी, तुमच्या वेळी असं काही झालं होतं का? सुलभाताई, तुमची ती दत्तकाच्या कागदांची निळी फाईल कोणाकडे आहे?

निखिल दुपारपासून जेवलेला नाही. त्याला कोणी काही बोलू नका, प्लीज.

मृणाल

---

प्रेषक: श्रीकांत

मृणाल, थांबा आणि बदलून घ्या. विमानाचे पैसे गेले तर जाऊ देत. माझ्या कागदांवर १९९४ पासून 'श्री' आणि 'कांत' अशी दोन नावं पडली आहेत. घर घेताना, हिच्या ग्रीन कार्डाच्या वेळी, बाबा गेले तेव्हा बँकेत, दर वेळी 'या दोन्ही व्यक्ती एकच' असं शपथपत्र करून द्यावं लागलं. मुलीच्या मागे हे लावून देऊ नका. आणि दिल्ली कशाला? मुंबईला बीकेसीत कौन्सुलेट आहे की.

---

प्रेषक: केतकी

काका, दत्तक मुलांचे व्हिसा दिल्लीलाच होतात.

मृणाल, घाईने पासपोर्ट ऑफिसला पळू नकोस. दूतावासाच्या दत्तक विभागाला आत्ताच मेल टाक, आपल्या इथल्या एजन्सीला सीसी कर. आदेश, दाखला आणि पासपोर्टचं पहिलं पान जोड. ते काय म्हणतात ते लेखी हातात असू दे. आमच्या वेळी कोर्टाचा आदेश असायचा, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं, त्यामुळे माझे कागद तुला जसेच्या तसे उपयोगी पडणार नाहीत.

नाव आत्ता का बघायचं ते सांगते. आयएच-३ व्हिसावर, म्हणजे दत्तक मुलांच्या व्हिसावर, ती आपल्या विमानतळावर उतरून आत आली की त्या क्षणी अमेरिकेची नागरिक होते. पुढे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र न मागता पोस्टाने येतं. त्यावर चुकीचं नाव पडलं तर दुरुस्तीचा एन-५६५ फॉर्म भरत बसावं लागतं. म्हणून कोणत्या कागदावरचं नाव धरणार हे विचारून घे. आणि ऑनलाइन इमिग्रंट फी भरायला कोणी सांगितलं तर भरू नकोस, हेग कराराखाली आलेल्या मुलांना ती माफ आहे.

---

प्रेषक: अनंत

मधलं नाव वडिलांचंच का, हे कोणीच विचारत नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं नाव असा क्रम केला. मग 'ओवी मृणाल निखिल' का नाही? आपल्या मराठी मंडळाच्या शाळेचा फॉर्मसुद्धा अजून जुनाच आहे, मी गेल्या सभेत बोललो होतो.

---

प्रेषक: श्रीकांत

अनंत, तो नियम १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी आहे. ओवी साडेतीन वर्षांची आहे. शाळेच्या फॉर्मचं वेगळ्या मेलमध्ये बघू.

---

प्रेषक: सुलभा

सगळ्यांना एक विनंती. अशा गोष्टीत आधी मला फोन करायचा हे आपलं ठरलेलं आहे. अकरा वर्षं हे काम मी बघते. बाळाचं नाव, वय, तारखा, विमानं, सगळं दोनशे घरांत जातं. ओवी मोठी होईल तेव्हा हे तिचं आहे, आपलं नाही. मृणाल, रागावले नाहीये, पण यापुढे नाव लिहू नकोस. फाईल माझ्याकडेच आहे, आज रात्री फोन कर.

बीसीजीची खूण बघून टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह येईल म्हणून तू घाबरली होतीस. ते कातडीवरच्या टेस्टचं. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांचं आता रक्त घेतात, त्याला बीसीजीने फरक पडत नाही. पण रिपोर्टला दिवस लागतात, म्हणून मुलाखतीआधी चार दिवस ठेवलेस ते बरोबर केलंस.

---

प्रेषक: विद्या

सुलभाताई म्हणतात ते पटलं. विमानतळाचं तेवढं ठरवू या, बायका विचारताहेत. औक्षणाचं ताट, नऊवारी, थोडं लेझीम?

---

प्रेषक: मृणाल

ताई, चुकलं. यापुढे 'लेक' लिहीन. फोन केला, सगळं लिहून घेतलंय, मेल दिल्लीला गेला आहे.

विद्याताई, लेझीम नको. ताटही घरी. ती आमच्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले. निघताना संस्थेतल्या मावशींनी दोन घट्ट वेण्या घालून लाल रबरं लावली होती. ती सोडू देत नाही. डोकं धुवायचं म्हटलं की दोन्ही हातांनी वेण्या धरून कोपऱ्यात उभी राहते. केसांचा गुंता झालाय, पण आम्ही हात लावलेला नाही. आत्याकडे दारातल्या सगळ्यांच्या चपला ती एका ओळीत लावते, आत्याच्या, वॉचमनकाकांच्यासुद्धा. रात्री गादीवरून उतरून खाली चटईवर झोपते, मग मीही खाली. दिवे गेले की विचारते, "आपण घरी कधी जायचं?" तिचं घर म्हणजे संस्था. मी म्हणते, जाऊ. खोटं आहे ते, आणि दुसरं काय सांगावं मला अजून सुचलेलं नाही.

मलाही ती मावशीच म्हणते.

---

प्रेषक: केतकी

आमचा सहा महिने मला ताई म्हणायचा. म्हणू दे.

'जाऊ' म्हणू नकोस गं. "मावशी तिथेच आहेत, त्यांना आपण फोटो पाठवू" असं सांग, आणि खरंच पाठव. तसेही काराला दोन वर्षं अहवाल जातातच, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. त्यासोबत संस्थेला तुझं वेगळं पत्र जाऊ दे.

---

प्रेषक: श्रीकांत

केतकीचं मान्य, पण पुढच्या मेमध्ये आजीला भेटायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, त्याशिवाय ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं कार्ड, नाही. त्या वेळी हे नाव पुन्हा निघणार. पासपोर्ट जपून ठेवा.

---

प्रेषक: मृणाल (दिल्ली)

व्हिसा मिळाला.

दत्तक विभागाने लेखी कळवलं की व्हिसा पासपोर्टप्रमाणे देऊ, आदेश आणि दाखल्याच्या मूळ प्रती आणा. मुलाखतीत बाईंनी दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचली आणि निखिलला विचारलं, फरक कसा झाला? त्याने सांगितलं, फॉर्म मी भरला. त्यांनी ते लिहून घेतलं. प्रमाणपत्रावर काय येतं ते घरी आल्यावर कळेल, तसं वाटलं तर एन-५६५. श्रीकांतकाका, विमान पुढे ढकललं नाही, पण शपथपत्र आधीच करून घेतलंय.

रक्त घेताना लेक रडली नाही. सुई निघाल्यावर तिने कापसाचा बोळा काढला आणि माझ्या दंडावर धरून ठेवला. रिक्षात, हॉटेलात, झोपेपर्यंत. रात्री वेण्या मी सोडल्या, तिने सोडू दिल्या. रबरं डब्यात ठेवली आहेत, तिच्यासमोर.

शनिवारी नेवार्क. फक्त केतकी येईल. विद्याताई, मेतकूट आणि मऊ भात घरी ठेवाल का? चावीचं तुम्हाला माहीत आहे.

आणि वजन साडेबारा किलो आहे. कार सीट पुढे तोंड करून लावायची की मागे, हे कोणीतरी शुक्रवारच्या आत सांगा.

मृणाल