लपणाकडे जाताना विजेरी लावणारे म्हणे हौशे-गवशे!

माळावरचा (धागाकर्ता)

परवापासून एका छायाचित्रकार महाशयांची पोस्ट फिरतेय. सार असं: पहाटे अंधारात लपणाकडे (पाणवठ्याजवळ लपून बसायच्या आडोशाकडे) जाताना जो विजेरी लावतो तो पर्यटक. त्याच्यामुळे पाणवठा रिकामा होतो. आणि पुढे ठेवणीतलं वाक्य, ‘खरा जंगलवाला पायांनी बघतो.’ खाली नुसता ‘वा सर, क्या बात’चा पाऊस. दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही.

पायांनी बघायचं म्हणजे घोणस आहे की वाळलेलं शेण, हे पाय पडल्यावर ठरणार. छान.

उजेडाने जनावर उठतं हे मी नाकारत नाही. पण त्याआधी ते वासाने उठतं. वारा तुमच्या पाठीकडून पाणवठ्याकडे वाहत असेल तर डोक्यापासून पायापर्यंत काळं पांघरून गेलात तरी चिंकाऱ्याला तुमची बातमी पोचलेली असते. दुसरा नंबर आवाजाचा. अंधारात ठेचकाळत, बाभळीत अडकत, ट्रायपॉड दगडावर आपटत आणि वर शिवी हासडत जाणारा ‘खरा जंगलवाला’ मी लपणात बसून ऐकलेला आहे. दिसला नाही, हे खरं.

माझी पद्धत सांगतो. मंद विजेरी, हातात, गुडघ्याच्या उंचीवर, झोत दोन पावलं पुढे. वर कधीच उचलायची नाही. लपण जवळ आलं की बंद. हेडलॅम्प मला चालत नाही. कपाळावरचा उजेड आणि आपली नजर जवळपास एकाच रेषेत जाते, त्यामुळे वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते. खड्डा सपाट दिसतो, साप मातीत मिसळून जातो. तीच विजेरी खाली आडवी धरा, प्रत्येक खड्याची हातभर सावली पडते. करून बघा, मग बोला.

अंधारयात्री

ती पोस्ट माझीच. ‘महाशय’ कशाला, सरळ नाव घ्यायचं होतंत.

डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या उजेडाचा एक झोत, की सगळी कमाई पाण्यात. तुम्ही लपणाजवळ विजेरी बंद करता, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त दिसायला हवं नेमके तिथेच आंधळे होता. मी मुक्कामावरूनच दिव्याशिवाय निघतो. अंधारात वस्तूकडे रोखून न बघता किंचित बाजूला बघायचं, कडेच्या नजरेला जास्त दिसतं. चांदणी रात्र असेल तर माळावरची वाट पांढरी फटफटीत असते. ज्याला हे शिकायचं नाही त्याने सफारीच्या जीपमध्ये बसावं.

आणि लपणात आधीपासून कोणी बसलंय याचा विचार कोण करणार? मागच्या उन्हाळ्यात तरस पाण्याला तोंड लावणार तेवढ्यात एक गृहस्थ बॅटरी नाचवत आले. तरस गेलं ते गेलंच. गृहस्थ मला विचारतात, ‘काही आलं का?’

सड्यावरचा

हा ‘नजर बाजूला ठेवा’ प्रकार आमच्या कातळावर करून दाखवा. माझ्या चुलत्याला फुरसं चावलं ते घरातून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, गोठ्याकडे जाताना. चांदणं होतं, वाट रोजची, म्हणून बॅटरी खुंटीलाच. पायाला सूज आली तरी ‘काटा असेल’ म्हणून चुना लावून बसले. दुसऱ्या दिवशी चूळ भरली ती लाल, हिरड्यांतून रक्त. मग पळापळ. वाचले, पण कसे ते आम्हाला माहीत.

फुरसं तुमची चाहूल लागली म्हणून पळून जात नाही. जागेवर वेटोळं करून अंगाला अंग घासतं, त्याची खर्र खर्र ऐकू आली तर नशीब. मण्यार तेवढंही करत नाही. तरसाचा फोटो हुकला म्हणून एवढं दुःख? असो.

मिशिगनकर

इकडचा अनुभव देतो. मी हरणाच्या शिकारीला जातो (रीतसर परवाना काढून, आधीच सांगतो). सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायची मुभा असते, म्हणजे झाडावरच्या मचाणाकडे काळोखातच चालावं लागतं. इथे दिवा न लावणं हा सरळ मूर्खपणा मानतात. कारण सोपं आहे: त्याच जंगलात दुसरा बंदूकवाला बसलेला असतो, आणि पाचोळ्यात खसफसणारा तुम्ही त्याला हरीण वाटू शकता. दिवसा भडक केशरी कपडे सक्तीचे आहेत ते ह्याचसाठी. अंधारात केशरी कोणाला दिसतंय? तिथे डोक्यावरचा दिवाच कामाला येतो.

जुने लोक लाल काच लावतात. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे लाल त्याला अगदी फिका दिसतो. आपली अंधाराची सवयही लाल उजेडाने फारशी मोडत नाही. म्हणजे अंधारयात्री आणि धागाकर्ता, दोघांचंही भागतं.

निरामिष

परवाना काढून मारलं की हरणाला कमी लागतं का? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली ते बरं झालं. लाज वाटली पाहिजे.

मिशिगनकर

विषय दिव्याचा आहे. माझ्या फ्रीजरचा नाही.

ऊसवाला जुन्नर

तुमचं सगळं वाचतोय आणि हसतोय. तुम्ही हौसेने अंधारात जाता हो. आम्हाला कोण विचारतं?

शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी असते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की मध्यरात्री उठायचं, मोटर चालू करायची आणि उसात दारं धरत, म्हणजे सरीसरीत पाणी वळवत, फिरायचं. एका हातात खोरं, एका हातात बॅटरी. पाणी कोणत्या सरीत फुटलंय ते बघायचं, की पलीकडच्या पाचटात काय सळसळलं ते बघायचं? आमच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. ‘खरा शेतकरी पायांनी बघतो’ अशी पोस्ट टाका एकदा, येतो उत्तर द्यायला.

आणि एक ऐका. बिबट्याचे डोळे बॅटरीत हिरवट-पिवळे चमकतात, निदान कळतं तरी. रानडुकराचे तसे चमकत नाहीत. झोत अंगावर पडला तरी ढेकळांचा ढीग वाटतो, हलल्यावर कळतं.

पेठेतला

ऊसवाले, सहानुभूती आहे, पण साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत पंपाचं बिल सरकारने माफ केलंय ना? आमच्या बिलात त्याचा भार येतो. फुकट हवी आणि दिवसाही हवी, असं कसं?

ऊसवाला जुन्नर

आलात का! फुकट नको, दिवसा द्या. बिल भरतो. लिहून देतो. आमच्या वस्तीवरचा एक पोरगा रात्री पाणी द्यायला गेला, मण्यार चावली. पहाटे बाप हाका मारत गेला तेव्हा मोटर चालूच होती. त्याचा भार कोणाच्या बिलात आला ते सांगा.

सौर वाहिनीची घोषणा २०१७ ची. पंपाला दिवसा वीज देणार म्हणे. काही गावांना मिळाली, चांगलं झालं, त्यांचं अभिनंदन. आम्ही अजून बॅटरीचे सेल बदलतोय.

पेठेतला

दुर्दैवी घटना आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भावनेवर वीजदर ठरत नाहीत. दिवसा मागणी किती असते, उद्योगांना काय दराने—

सड्यावरचा

पेठेतले, तुम्ही रात्री वाण्याकडे जातानाही मोबाईलचा उजेड पाडत जात असाल. राहू द्या.

पेठेतला

वैयक्तिक टीका नको. आणि हो, पाडतो. रस्ते खोदलेत.

मोहफूल

मी चंद्रपूरकडची. आमच्याकडे बाया मोह वेचायला उजाडायच्या आत निघतात, कारण उशीर केला की दुसरं कोणी नाहीतर अस्वल उचलून नेतं. हातात बॅटरी असतेच, पण जास्त भरवसा तोंडावर. मोठमोठ्याने बोलत, खोकत, काठी आपटत जायचं. अस्वलाची नजर अधू, नाक तेज. खाली मान घालून खाण्यात गुंतलेलं असलं की तुम्ही पार जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. दचकलं की सरळ अंगावर, तोंडावरच येतं.

तर तुमचा हा गुपचूप, बिनदिव्याचा, बिनआवाजाचा प्रकार आमच्या माय-मावश्यांना सांगितला तर त्या विचारतील, घरी कंटाळा आला होता का? वाघाच्या जंगलात पायी जाणं ही त्यांची हौस नाही. तुम्ही मात्र पैसे भरून करता.

माळावरचा (धागाकर्ता)

धागा वीजदरावर गेला त्याला माझा इलाज नाही. ऊसवाल्यांचं म्हणणं मूळ विषयापेक्षा मोठं आहे हे कळतंय, त्यांनी वेगळा धागा काढावा, मी येतो.

मिशिगनकर, लाल दिवा हरणांपुरता ठीक. पक्ष्यांना लाल चांगला दिसतो. माळावर वाटेतच रातवा बसलेला असतो, उजेड पडला की त्याचा डोळा निखाऱ्यासारखा पेटतो आणि तो पायाजवळून उडतो. लाल लावा नाहीतर पांढरा. शिवाय लाल उजेडात तांबड्या मातीवरचं फुरसं तुम्हाला दिसेल का, हे सड्यावरच्यांना विचारा.

सड्यावरचा

नाही दिसत. पांढराच लावा.

अंधारयात्री

चला, सगळ्यांनी मिळून मला साप चाववून, अस्वलाच्या तोंडी देऊन, वर गोळीही घातलीत. समाधान झालं असेल. कातळावर, उसात आणि मोहाखाली विजेरी लावा, कोणी अडवलंय? मी गवताळ माळाबद्दल बोलत होतो, जिथली पायवाट माझ्या पायाखालची आहे. तिथे मी दिवा लावणार नाही. नवख्याने लावावी, खाली धरावी आणि लपणाची फट दिसायच्या आत विझवावी. एवढं पोस्टमध्ये जोडतो. हेडलॅम्पबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य, तो प्रकार मला आधीपासूनच आवडत नाही. समोरच्याने हाक मारली की माणूस मान वळवतो आणि झोत थेट डोळ्यात.

माळावरचा (धागाकर्ता)

‘नवख्याने’! म्हणजे टोमणा राहिलाच. चालेल. घोणस अनुभवाचा दाखला मागत नाही एवढं लक्षात ठेवा.

पेठेतला

पण मूळ प्रश्न राहिलाच. शेतीला दिवसा वीज द्यायची तर तो खर्च कोणी उचलायचा?

ऊसवाला जुन्नर

या साहेब एकदा जुन्नरला, पाळी रात्रीची असेल तेव्हा. दोघं मिळून दारं धरू, मग खर्चाचं बोलू. बॅटरी मी देतो. लावायची की नाही ते तुम्ही ठरवा.