मदत हवी आहे: आईच्या 'मधूनच'ला इंग्रजीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

माझी आई ७१ वर्षांची. दिवाळीपासून ती धाकट्या भावाकडे बंगळूरला आहे. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना मराठी येत नाही, आईला इंग्रजी येत नाही, आणि भाऊ बरोबर गेला तरी दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. म्हणून तिच्या तक्रारींचं पानभर टिपण इंग्रजीत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. पुढच्या गुरुवारी दाखवायचं आहे.

मागच्या खेपेला मी तिच्या तिन्ही तक्रारींपुढे सरसकट 'ऑकेजनल' लिहिलं. डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं, अंगावर लावायचं यंत्र) लावलं, त्यात काही सापडलं नाही. चारच दिवसांनी पुन्हा धडधड झाली. त्यांनी मी लिहिलेलं वाचलं, आणि मी लिहिलं होतं ते अपुरं होतं. काल फोनवर आई जे बोलली ते या वेळी शब्द न् शब्द उतरवून घेतलंय:

"मधूनच छातीत धडधडतं बघ. काही करत नसते गं, शेंगा सोलत बसलेली असते. पाच-दहा मिनिटं राहतं नि जातं."

"गुडघा काय, कधीमधी धरतो."

"चक्कर एकादशीलाच येते. उपास नसला की नाही."

तिने तीन वेगळे प्रकार सांगितलेत आणि मी त्यांचा एकच शब्द करून टाकला, हे आता फार बोचतंय.

चक्करेचं माझ्यापुरतं सुटलं. ती नैमित्तिक आहे, निमित्त असलं की येणारी. खरं तर 'ऑकेजनल'च्या पोटातही हाच अर्थ आहे. 'ऑकेजन' म्हणजे प्रसंग, आणि एखाद्या समारंभासाठी मुद्दाम रचलेल्या कवितेला इंग्रजीत अजूनही 'ऑकेजनल' म्हणतात. (कचेरीत 'कॅज्युअल लीव्ह'ची आपण नैमित्तिक रजा केली, तीही याच वाटेने.) पण आज तो शब्द वाचणारा 'कधीतरी' एवढंच समजतो. तेव्हा सरळ 'ओन्ली ऑन फास्टिंग डेज' लिहिणार आहे.

अडलंय ते धडधडीपाशी. 'पिरिऑडिक' म्हणावं तर त्याला ठरावीक अंतर लागतं, नाशिकचा सिंहस्थ १२ वर्षांनी येतो तसं. आईचं तसं नाही, आणि हे मी अंदाजाने सांगत नाही. भावाच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय. त्यावर तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली, ती पेन्सिलने बारीक 'ध' काढून ठेवते. भावाने फोटो पाठवला. नोव्हेंबर-डिसेंबर मिळून सात 'ध' आहेत. दोघांमधलं अंतर कुठे तीन दिवसांचं, कुठे सोळा.

मग उरतात 'इंटरमिटंट' आणि 'स्पोरॅडिक'. पहिल्याचं लॅटिन मूळ मधे सोडून देण्याचं: एकच गोष्ट चालू, बंद, पुन्हा चालू. हिवतापात एक दिवसाआड थंडी वाजून ताप चढतो, तो इंटरमिटंट. दुसऱ्याचं ग्रीक मूळ बी पेरण्याचं, विखुरण्याचं. आपल्या 'तुरळक'च्या जवळचं. पण 'मधूनच' मधला तो 'च'? काही कारण नाही, चाहूल नाही, एकदम. तो या दोन्हींत कुठे येतो?

गुडघ्याला भाऊ 'वन्स इन अ ब्लू मून' लिही म्हणतो. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ती ब्लू मून, आणि असं १९ वर्षांत साधारण ७ वेळा होतं. आपला अधिक मासही १९ वर्षांत ७ वेळाच येतो! म्हणजे हिशोबाने पावणेतीन वर्षांनी एकदा. आईचा गुडघा महिन्यातून दोनदा तरी धरतो.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहिते. तुम्ही शोधताय तो शब्द 'पॅरॉक्सिस्मल': एकदम सुरू, एकदम बंद. पण तो तुम्ही लिहू नका, तो डॉक्टरांना ठरवू दे. तुम्ही आईंना एवढंच विचारा, की धडधड थांबते ती हळूहळू विरत जाते की एका क्षणात? यावरून त्यांना पुष्कळ कळतं. सात 'ध'च्या तारखा नक्की द्या. दहा-दहा दिवसांनी येणारी गोष्ट २४ तासांच्या पट्टीत सापडणं कठीणच. जास्त दिवस लावून ठेवायची यंत्रंही असतात, त्याबद्दल विचारा.

एकादशीला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी उपाशीपोटी घेतात का, तेही लिहा. आणि धडधडीबरोबर छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर गुरुवारची वाट बघू नका.

प्रतिसाद २

मी औषधांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद करतो. 'रेअर' चुकूनही लिहू नका. युरोपातल्या पत्रकांत 'रेअर' म्हणजे १,००० ते १०,००० रुग्णांमागे एक, 'कॉमन' म्हणजे १० ते १०० मागे एक, असं ठरलेलं गणित असतं. तिथे शब्दाला आकडा बांधलेला असतो. आपल्या टिपणात तो आपणच बांधायचा. गुडघ्याला 'नाऊ अँड देन, अबाउट ट्वाइस अ मंथ' पुरे. 'मधूनच'ला 'विदाउट वॉर्निंग, इव्हन अ‍ॅट रेस्ट' लिहा. शेंगा सोलण्याचंही लिहा, ते 'अ‍ॅट रेस्ट'हून जास्त सांगतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच आईला विचारलं. म्हणाली, "विरत कुठलं? बटण बंद केल्यासारखं जातं." आणि हो, रक्तदाबाची गोळी ती एकादशीलाही घेते, नुसत्या पाण्याबरोबर. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

'ऑकेजनल' तिन्ही ठिकाणचं खोडलंय. बटणाचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत घालते आहे, खाली साती तारखा आणि कॅलेंडरचा फोटो. गुरुवारी काय म्हणाले ते इथेच लिहीन.